शर्टाच्या खिशातला खुलासा

माझ्या वडिलांच्या शर्टाच्या खिशात, एमिरेट्स आयडीच्या मागे, घडी घातलेला एक कागद असतो. त्यावरचं अक्षर माझं आहे, खाली सही माझी आहे. घरात मी "बाबा, तुम्हीच म्हणाला होतात" अशी सुरुवात केली की त्यांचा उजवा हात त्या खिशाकडे जातो. कागद बाहेर काढायची वेळ आजवर दोनदाच आली. एरवी हात नुसता हलला तरी मी वाक्य बदलतो.

मी फार बोलणारा माणूस नाही. ऑफिसात माझ्या गप्प राहण्याला लोक मॅच्युरिटी म्हणतात. बायको त्याला वेगळा शब्द वापरते, तो इथे लिहीत नाही. पण त्या कागदात जे चार ओळींत मावलं ते पुरेसं नव्हतं, म्हणून हे सविस्तर.

दुबईच्या पलीकडे रास अल खैमात, टाइल्सवाल्यांना पुठ्ठ्याची खोकी पुरवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटी मॅनेजर आहे. खोकं किती वजन सोसतं, दमट हवेत किती फुगतं, छपाई कुठे फिकी पडते, हे बघायचं आणि कागदावर आणायचं. बघणं कमी, कागदावर आणणं जास्त. ऑडिट जवळ आलं की राहिलेले महिने एका दुपारी बसून भरायचे. त्याचं तंत्र मी स्वतः शिकलो आणि चार जणांना शिकवलं. दर चार-पाच पानांनी पेन बदलायचं. सगळीकडे 'उत्तम' लिहायचं नाही, कारण सगळं उत्तम दिसलं की ऑडिटर जागा होतो. मधूनच एखादा 'ठीक' पेरायचा. एखाद्या पानावर चहाचा कप टेकवायचा, म्हणजे पान कामाच्या जागी होतं असं वाटतं. वीस वर्षांत माझं एकही ऑडिट नापास झालं नाही. खोकी अधूनमधून फाटायची, पण तो वेगळा विषय.

बाबा कोकणातल्या एका एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, किती मिनिटं उशीर, कुठली रद्द, हे माइकवर सांगणारा आवाज म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं. आई गेली आणि ते एकटे पडले, तेव्हा मी त्यांना इकडे आणलं.

'आणलं' हा आमच्या इकडच्या मराठी मंडळींचा खास शब्द. आई-वडिलांचा व्हिसा दरवर्षी रिन्यू करावा लागतो, त्यामुळे अभिमानही दरवर्षी रिन्यू होतो. विमानतळावर हार, मग वाळवंटात उंटावर बसवून फोटो, मग तो ग्रुपवर. खाली बदामांचा पाऊस. "किती करतोस रे वडिलांसाठी!" एवढं झालं की त्यांना अकराव्या मजल्यावर एसीत ठेवायचं आणि कामाला जायचं. मीही हेच केलं. बाबा उंटावर अवघडून बसलेत आणि मी खाली उभा राहून हसतोय, तो फोटो अजून माझ्या प्रोफाइलवर आहे.

आल्यावर पाचसहा महिन्यांनी लक्षात आलं की ते एकच प्रश्न पुन्हा विचारतात. वस्तूंची नावं अडतात. नळ चालू राहतो. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि नाव दिलं, माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. डॉक्टरबाई लखनौकडच्या, शांत. म्हणाल्या, "डिमेन्शिया नहीं है. अपना काम खुद कर लेते हैं, फ़ैसले ले लेते हैं, बस याददाश्त थोड़ी कमज़ोर. आगे बढ़ भी सकता है, सालों ऐसे ही रह भी सकता है. लोगों से मिलने दीजिए, घूमने दीजिए. यही दवाई है."

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"माइल्ड आहे म्हणाली."

"म्हणजे गाडी चालू आहे, पण लेट."

"तसंच."

"मग रद्द झाल्यासारखं तोंड करून काय चालतोस?"

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं औषध बाबांनी आधीच शोधून ठेवलं होतं. आमच्या बिल्डिंगच्या खाली एक बकाला आहे, म्हणजे किराण्याचं लहान दुकान. मालक रत्नागिरीकडचा मुसलमान माणूस, पंचवीस वर्षं इथे. पहिल्या दिवशी बाबांनी त्याच्याकडे दूध मागितलं आणि तो काउंटरमागून म्हणाला, "चाचा, हा आवाज मी ऐकलाय. तुम्ही आमच्या स्टँडवर होतात. कॉलेजला असताना माझी शेवटची गाडी तुम्ही कितीदा रद्द केलीत!" बाबा म्हणाले, "मी रद्द करत नसे, वरून यायचं. मी फक्त सांगायचो." त्याने आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून दाराबाहेर, सावलीत ठेवली. तेव्हापासून ती बाबांची.

संध्याकाळी त्या दुकानासमोर कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात. साइटवरून येणारी माणसं उतरतात, दूध-अंडी-रिचार्ज घेतात, पुढच्या बसने कॅम्पवर, म्हणजे कामगारांच्या वसाहतीत जातात. त्यांत सातारा-सांगलीकडची, कोकणातली पुष्कळ. आठवड्याभरात बाबांना सगळ्या गाड्या पाठ झाल्या. कालची भाजी आठवत नव्हती, पण हिरवी बस सहा-दहाला आणि पांढरी, मागचा दिवा फुटलेली, सहा-पंचवीसला, हे पक्कं. माणसं त्यांना 'कंट्रोलर साहेब' म्हणू लागली. एक फरशी बसवणारा मिस्त्री होता, रोज उतरल्या उतरल्या ओरडायचा, "साहेब, आमची गाडी का लेट?" आणि बाबा खुर्चीतून उठून, मनगटावरच्या घड्याळात बघून, त्या आवाजात सांगायचे, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. कॅम्पकडे जाणारी गाडी बारा मिनिटं उशिराने धावत आहे. चालक नमाजाला थांबला आहे." सगळे हसायचे. बाबा हसायचे नाहीत. ते ड्युटीवर होते.

घरी येऊन चहा पिताना एकदा म्हणाले, "इथला चहा एक दिरहम, म्हणजे चोवीस रुपये. चोवीस रुपयांत आमच्या कँटीनला अख्खी शिफ्ट चहा प्यायली असती. पण तो मिस्त्री मला पैसे देऊ देत नाही." इतके खूष मी त्यांना आई असतानाही फार वेळा पाहिले नव्हते.

आता जे लिहायचं ते टाळत आलो, ते लिहितो. मला त्याची लाज वाटत होती.

त्या बसमधून उतरणाऱ्यांत आमच्याच कारखान्यातले लोडिंगचे दोघं होते. सकाळी गेटवर भेटले की म्हणायचे, "साहेब, तुमचे वडील एक नंबर माणूस." मी मान हलवायचो आणि भराभर आत जायचो. वीस वर्षं टाय लावून मी जे अंतर कमावलं होतं, ते बाबांनी एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मिटवून टाकलं. मग एका शनिवारी दुबई मरीनात राहणारा माझा कॉलेजचा मित्र बायकोला घेऊन आला. गाडी लावून वर आला तो हसतच. "अरे, खाली एक म्हातारे गृहस्थ बसेसची अनाउन्समेंट करतायत, काय भारी! थांबून व्हिडिओ काढला." त्याने फोन पुढे केला. माझी मुलगी म्हणाली, "दॅट्स आजोबा!" मित्राचं तोंड पडलं. मग सावरून म्हणाला, "अच्छा, काका रिटायरमेंटनंतर इकडे ड्युटीला लागले वाटतं." त्याची बायको हसू दाबत होती. मीही हसलो. सर्वांत मोठ्याने मीच हसलो.

पुढच्याच आठवड्यात मला निमित्त मिळालं. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दोन टॉवर आहेत, जुळे. बाबा दुसऱ्यात शिरले, अकराव्या मजल्यावर गेले, तिथली बेल वाजवली. दार उघडणाऱ्या मल्याळी बाईंनी त्यांना पाणी दिलं, गप्पा मारल्या आणि खाली आणून सोडलं. चाळीस मिनिटं उशीर झाला. त्या चुकीच्या टॉवरमध्ये मी स्वतः दोनदा शिरलोय, एकदा तर किल्ली लावून दार हलवत होतो. पण ते मी कोणाला सांगितलं नाही. मी चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, "बाबा, आता एकट्याने खाली नको."

ते ऐकतील असं मला वाटत नव्हतं. त्यांनी ऐकलं. नियम म्हटला की ते ऐकतात. चार-पाच दिवसांनी मात्र खिडकीशी उभे राहून त्यांनी विचारलं, "मी हल्ली खाली का जात नाही रे?"

मी लॅपटॉपवर होतो. पुन्हा सगळं समजावायचा कंटाळा आला. आणि तोंडातून सहज निघून गेलं, "तुम्हीच बंद केलंत, बाबा. उन्हाचा त्रास होतो म्हणालात."

"मी म्हणालो?"

"हो. दोनदा."

त्यांचा चेहरा मी बघितला. रागावले नाहीत. ओशाळले. चारचौघांत पायजम्याची नाडी सुटावी तसे ओशाळले आणि म्हणाले, "असेन म्हणालो. हल्ली माझं काही खरं नाही."

इतकं सोपं असेल हे मला माहीत नव्हतं. खरं सांगतो, त्या क्षणी अपराधी वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. मग मी ते वाक्य वापरत गेलो. गाडीची चावी मी हरवली, ती "तुम्हाला दिली होती". आत्याला फोन लावून द्यायचं मी विसरलो, तर "कालच बोललात की". आमच्या घरातल्या सगळ्या विसरण्याचं खातं एकाच माणसाच्या नावावर गेलं, कारण त्याच्याकडे डॉक्टरचं सर्टिफिकेट होतं. बायकोने एकदा स्वयंपाकघरातून ऐकलं. म्हणाली, "हे तुम्ही बरं करत नाही." मी म्हणालो, "मग तू सुट्टी घे आणि बस त्यांच्यासोबत." ती शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, सुट्टी नसते हे मला माहीत होतं. ती परत स्वयंपाकघरात गेली आणि मी जिंकलो.

खुर्चीच्या बदल्यात मी बाबांना काय काय दिलं! टॅबलेट दिला, त्यात मेंदूला चालना देणारे खेळ. रंगीत फुगे दाबायचे, जोड्या लावायच्या. कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, कप, ताटं, औषधं. हॉलमध्ये कॅमेरा बसवला, म्हणजे ऑफिसातून फोनवर बघता यायचं. फोनवर ते दिसायचे, सोफ्याच्या एका कडेला, हातावरच्या घड्याळाकडे बघत. सहा-दहा, सहा-पंचवीस. मुलगी शाळेतून आली की म्हणायची, "आजोबा, लेव्हल फोर! यू आर डूइंग ग्रेट!" आणि ते फुगे दाबायचे. एकतीस वर्षं अख्ख्या तालुक्याला हलवणारा माणूस.

सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे फेरी होती. तिथे दोन फॉर्म असतात, एक पेशंटने स्वतः सांगून भरायचा, एक घरच्यांनी. तब्येत, उत्साह, स्मरणशक्ती, घर, घरची माणसं, मित्र, आवडीच्या गोष्टी, एकूण आयुष्य. प्रत्येकापुढे चार खुणा, वाईट, बरं, चांगलं, उत्तम. त्या दिवशी गर्दी होती. नर्सने दोन्ही माझ्या हातात दिले, "सर, फादर को पूछ के फिल करना."

बाबा शेजारच्या खुर्चीत होते. हातभर अंतर. मी विचारलं नाही. माझा हात आपोआप चालला. घरच्यांचा फॉर्म निळ्या पेनने भरला. मग खिशातलं काळं पेन काढलं आणि बाबांचा भरला. सगळं उत्तम केलं नाही. स्मरणशक्तीपुढे 'बरं' पेरलं. मित्र या सदरात उत्तम, आणि शेऱ्यात लिहिलं, "रोज संध्याकाळी खाली भेटतात." मागच्या वेळी डॉक्टरबाईंनी तेच करायला सांगितलं होतं. मी बंद केलं, हे कसं लिहायचं? चहाचा कप तेवढा हाताशी नव्हता.

आत डॉक्टरबाईंनी दोन्ही फॉर्म पाहिले, खूष झाल्या. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "तो चाचाजी, रोज दोस्तों से मिलते हैं! कल क्या बातें हुईं?"

बाबा म्हणाले, "कल? कल तो मैं घर में था. मैं कहीं जाता नहीं, बहुत महीने हो गए."

बाईंनी फॉर्मकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिथे मी बोलायला हवं होतं. मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत राहिलो. बाईंनी आवाज अजून मऊ केला. "चाचाजी, आप रोज जाते हैं. याद कीजिए, आराम से."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चित्रावरून नजर हलवली नाही. मग ते हळूच म्हणाले, "लड़का लिखता है तो जाता होऊंगा."

बाईंनी काहीतरी टाइप केलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रोज़ की चीज़ पूरी मिट रही है. मुझे लगता है आगे बढ़ रहा है. एक गोली शुरू करते हैं. और अब अकेला मत छोड़िए." अख्ख्या सहा महिन्यांत त्या माणसाने सांगितलेली एकच गोष्ट शंभर टक्के खरी होती आणि तीच आजाराची खूण ठरली. खोटं माझं आणि गोळी त्यांना.

मी गोळी घेतली. म्हणजे फार्मसीतून घेतली, त्यांना दिली. तीन दिवस दिली. एवढं लिहिलं की मी काय माणूस आहे ते कळतं, वेगळं विशेषण नको.

चौथ्या दिवशी कारखान्यातून आलो तर बाबा दाराशीच उभे होते. हातात घराची त्यांची किल्ली, तिला आईने गावच्या किल्लीला बांधलेला लाल दोरा. ती माझ्यापुढे धरून म्हणाले, "ही ठेव. आणि जाताना बाहेरून कुलूप लावत जा."

"का?"

"मी रोज खाली जातो आणि मला पत्ता नसतो. म्हणजे रस्ता ओलांडतो, कोणाशी काय बोलतो, काही आठवत नाही. उद्या कोणाच्या गाडीखाली येईन, तो बिचारा ड्रायव्हर आत जाईल. ज्या ड्रायव्हरला दिसत नाही त्याला आम्ही गाडी देत नसू. मी स्वतःला ऑफ ड्युटी करतोय." मग थोडं थांबून, "एक विचारू? खाली गेल्यावर मी ठीक वागतो ना? कोणाला त्रास?"

किल्ली माझ्या हातात आली तेव्हा गरम होती. बराच वेळ मुठीत धरून उभे असावेत.

मी तिथेच, बूट न काढता, सांगितलं. तुम्ही जात नाही, बाबा. जातच नाही. मी बंद केलं. तुम्ही कधी उन्हाचं म्हणाला नाहीत. चावी मी हरवली होती. फॉर्म दोन्ही मी भरले. डॉक्टरांसमोर तुम्ही बोललात ते बरोबर होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. सोफ्यावर बसले. मला वाटलं रडतील, किंवा ओरडतील, म्हणजे मला रडता येईल. त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"सप्टेंबर."

"कोणाला माहीत आहे?"

"हिला थोडं. बाकी कोणाला नाही."

"वही आण. लेखी दे."

"बाबा, मी सांगितलं ना आता..."

"आता सांगितलंस. उद्या म्हणशील, तुम्हीच म्हणालात. आणि मला खोडून काढता येणार नाही. खुलासा लेखी लागतो. कंडक्टर तोंडाने शंभर गोष्टी सांगतात."

मी मुलीच्या वहीतलं पान फाडलं आणि जेवणाच्या टेबलाशी बसलो. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. "मी, खाली सही करणारा, असा खुलासा करतो की, माझे वडील यांचं संध्याकाळी खाली जाणं मी बंद केलं. त्यांनी तसं कधीही म्हटलेलं नाही. याबाबत मी त्यांना वेळोवेळी खोटं सांगितलं." वस्तूंची नावं अडणाऱ्या माणसाला 'वेळोवेळी' अडला नाही.

"कारण लिही."

मी लिहिलं, "त्यांच्या सुरक्षेसाठी."

ते वाकून वाचत होते. "खोड."

मी खोडलं. पेन धरून बसलो. मग लिहिलं, "मला लाज वाटत होती."

"कोणाची?"

मी मान वर केली नाही. "तुमची."

"मग तसं लिही. अर्धवट खुलासा डेपो मॅनेजर परत पाठवतो."

मी 'त्यांची' हा शब्द वर घातला, बाण काढून. सही केली, तारीख घातली. त्यांनी पानाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "चहा टाक." चहा मी टाकला, आमच्या घरी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदा. साखर कुठल्या डब्यात असते ते मला माहीत नव्हतं. बाबांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "डावीकडे, वरचा. चिठ्ठी लावलीयस की तू."

दुसऱ्या दिवशी खाली जाऊया म्हणालो, तर नको म्हणाले. "मेडिकल रजेवरून परत यायचं तर फिटनेसचा दाखला लागतो. आधी डॉक्टर."

डॉक्टरबाईंसमोर मी सगळं सांगितलं. त्या काही रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "आप तो पढ़े-लिखे हैं." मग त्यांनी नर्सला बोलावून नवा फॉर्म आणवला, तो बाबांपुढे ठेवला आणि मला बाहेर पाठवत होत्या. बाबा म्हणाले, "बैठने दो. सुनने दो उसको."

घर? "उत्तम. एसी है." तब्येत? "चांगलं." स्मरणशक्ती? "बरं. जितनी मैं समझता था उससे अच्छी निकली." मित्र? "सध्या वाईट. फलाट है, गाडी बंद है." घरची माणसं? सून उत्तम, नात उत्तम, पण मराठीत बोलेल तर. मुलगा? नर्सचं पेन हवेत राहिलं. "बरं," ते म्हणाले.

"पक्का, चाचाजी?"

"इन्क्वायरी चालू आहे."

बेरीज माझ्या काळ्या पेनच्या बेरजेपेक्षा बरीच खाली आली. वीस वर्षांत मी पाहिलेला पहिला खरा तपासणीचा कागद, आणि माल सेकंड दर्जाचा निघाला. डॉक्टरबाईंनी गोळी बंद केली. आजार आहे तो आहे, म्हणाल्या, पुढचं सांगता येत नाही, दर सहा महिन्यांनी बघू. "और फ़ॉर्म मैं खुद भरूंगी."

त्याच संध्याकाळी आम्ही खाली गेलो. दुकानदाराने बाबांना पाहिलं आणि काउंटर सोडून बाहेर आला. "चाचा! तब्येत बरी ना?" खुर्ची आतून काढली. त्यावर टिशूची खोकी रचलेली होती, ती उतरवली, बसायची जागा पुसली. बाबा बसले, घड्याळ बघितलं. सहा-दहा. हिरवी बस आली नाही. सहा-वीस. नाही. ते अस्वस्थ झाले, माझ्याकडे बघू लागले. चूक आपल्याच आठवणीची असणार, असं मानायची सवय मी त्यांना लावली होती.

"टाइम बदलला, चाचा," दुकानदार म्हणाला. "सगळ्यांचं शेड्यूल बदललं. हिरवी आता सहा-पन्नास."

"आणि तो मिस्त्री?"

"तो गेला. अबूधाबीला, खलिफा सिटीत व्हिलांची नवी साइट मिळाली. झाले दोन महिने. जाताना तुम्हाला भेटायला दोनदा आला होता. मी वर फोनपण लावला."

"कोणी उचलला?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम बरण्या सरळ करायला लागला. भला माणूस.

मी उचलला होता. रविवार होता, बाबा शेजारीच फुगे दाबत बसले होते. मी म्हणालो होतो, "झोपलेत ते." मिस्त्री फोनवर म्हणाला, "उठले की सांगा साहेब, गाडी सुटली." मी सांगितलं नाही. आणि खुलाशात हे लिहिलंही नव्हतं. विसरलो, असं म्हणायला जीभ शिवशिवली.

"मी उचलला," मी म्हणालो.

बाबांनी खिशातून कागद काढला. उघडला, उलटा केला, मांडीवर नीट सपाट केला आणि माझ्यापुढे धरला.

"मागे जागा आहे," ते म्हणाले.

मी दुकानदाराकडून पेन घेतलं आणि काउंटरवर वाकून लिहायला लागलो. मागे दुसरी एक बस थांबल्याचा आवाज आला, माणसं उतरली, कोणीतरी ओरडलं, "अरे, कंट्रोलर साहेब!" बाबांनी दुकानदाराकडे पुठ्ठा मागितला. त्याने फरशीच्या एका रिकाम्या खोक्याची बाजू फाडून दिली, आमच्याच कारखान्याचं खोकं होतं. "पेन?" बाबा म्हणाले. दुकानात पेन एकच होतं, ते माझ्याकडे.

"लवकर आटप," ते मला म्हणाले. "मला वेळ लिहायची आहे."